खारं पाणी आणि बाबा

अरे, अकोल्यातल्या घरी मी समुद्रातल्या माशांसाठी टाकी मांडली ना, तेव्हाची गोष्ट. तळाशी मुद्दाम वाळू घातली नव्हती, घाण लगेच दिसावी म्हणून. मी पाण्यात मीठ कालवताना बाबांनी पाहिलं. बाबा खारपाणपट्ट्यातले शेतकरी, तिथे विहिरीचं पाणीही खारं.

"काहून रे? आमी जनमभर खाऱ्या पाण्याले शिव्या देल्या, अन् तू गोडं पाणी खारं करून राहिला?"

महिन्याभराने केशरी मासा सोडला. तो दगडामागे दडला, दोन दिवस काही खाईना. मी आशा सोडली, पण बाबा टाकीसमोर खुर्ची टाकून बसून राहिले. तिसऱ्या दुपारी, टाकीच्या दिव्याच्या निळ्या उजेडात, मासा पोहत त्यांच्यासमोर आला.

मी हळूच म्हटलं, "बाबा, खरा समुद्र पाहायला जाऊ?"

नजर न हलवता ते म्हणाले, "जाऊ ना. पन आधी याले इचारू दे, तिकडे याचं कोन कोन हाये."