आत्याच्या गोळ्या

(दुपार. पुस्तकबांधणीचा छोटा कारखाना. कामगार जेवायला गेलेत. आत्या आणि तिची भाची, दोघीच.)

भाची : …म्हणून शाळेतून थेट तुझ्याकडे आले. डॉक्टरांनी हा कागद दिलाय. तीन पिढ्यांची माणसं चौकटींत मांडायची आणि कुणाला मनाचा आजार होता का, ते लिहायचं.

आत्या : तिथे नको ठेवूस, खळ सांडलीये. स्टुलावर ठेव. मनाचे डॉक्टर कशाला गं?

भाची : तीन महिने झाले, आत्या. फळ्यासमोर उभी राहते आणि पुढचं वाक्यच सुचत नाही. घरी आले की आडवी. लेकीची वेणी घालायची म्हटलं तरी डोंगर चढायचाय असं वाटतं.

आत्या : तीन महिने. आणि मला आज सांगतेस.

भाची : तुला काय सांगणार? तू कधी शिंकलेलीसुद्धा मी पाहिली नाही.

आत्या : बरं. पुढे बोल.

भाची : डॉक्टर म्हणतात, नुसती उदासी असेल तर औषध वेगळं, आणि बायपोलर असेल तर वेगळं. म्हणजे माणूस काही दिवस हवेत असतो आणि मग पार तळाला जातो, तो आजार. त्यात भलती गोळी दिली तर माणूस उलट भडकू शकतो. म्हणून आधी घराण्याचं विचारतात.

आत्या : दादाचं लिहिलंस?

भाची : बाबांचं काय लिहू? त्यांनी जीव दिला तेव्हा मी अकरा वर्षांची. एवढंच आठवतं, की एकदा त्यांनी घरातली भांडी, पंखे, माझी सायकल, सगळं शेजारीपाजारी वाटून टाकलं. फार आनंदात होते. मग दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून. डॉक्टरकडे कुणी नेलंच नाही. सगळे म्हणायचे, बायकोच्या कटकटीने डोकं फिरलं.

आत्या : म्हणायचे.

भाची : तर बाबांच्या चौकटीत खूण करते. बाकी तुझी, आजीची कोरी.

आत्या : आईचं मला नक्की माहीत नाही. माझ्या चौकटीत कर.

भाची : आत्या, थट्टा नको.

आत्या : माझ्या पिशवीत डबी आहे. काढ. वाच काय लिहिलंय.

भाची : ह्या तुझ्या ब्लडप्रेशरच्या… लिथियम?

आत्या : तू म्हणालीस त्याच आजाराची गोळी, बायपोलरची. पस्तीस वर्षं झाली. रक्त तपासायला जाते तेव्हा तुम्हाला सांगते, पुठ्ठा बघायला चालले.

भाची : कुणाकुणाला माहीत आहे?

आत्या : माझ्या वडिलांना माहीत होतं. दादाला अर्धवट. मी सव्वीसची होते. नऊ दिवस झोपले नाही आणि दमलेही नाही. एका वाचनालयाची दीडशे पुस्तकं बांधायला आली होती. सगळी उसवली. म्हटलं, ह्या साऱ्यांचं मिळून एकच पुस्तक आहे, ते फक्त मला दिसतंय. वडिलांनी चार महिने परगावी इस्पितळात ठेवलं. लोकांना सांगितलं, पोरगी बाइंडिंगचं पुढचं शिकायला गेलीये.

भाची : ते तर आम्हीही अभिमानाने सांगतो सगळ्यांना.

आत्या : हो. ऐकते ना मी.

भाची : लग्न केलं नाहीस, ते ह्यामुळे?

आत्या : म्हटलं, माझ्यापाशीच संपू दे. पोराच्या पदरात कशाला घालायचं? निम्म्याहून जास्त मुलांना होतो ना?

भाची : कोण म्हणालं?

आत्या : कुणी नाही. मीच धरून चालले.

भाची : आत्या, तसं नसतं, मी डॉक्टरांना विचारलं. एकच एक दोष असा उतरत नाही. शेकडो बारीक गोष्टी असतात, थोड्या आईकडून, थोड्या बापाकडून, आणि वर आयुष्यात जे घडेल ते. एरवी शंभरात एखाद्याला होतो. आईला किंवा वडिलांना असेल तर शंभरात पाच ते दहा जणांना. बाकीच्यांना होत नाही.

आत्या : म्हणजे नव्वदांना होत नाही?

भाची : नव्वदांना तरी नाही. इतक्या वर्षांत विचारलं नाहीस?

आत्या : डॉक्टर रक्ताचा कागद बघायचे, की पुढचा पेशंट आत. आणि विचारायचा धीरही नव्हता. …नव्वद.

भाची : बस जरा.

आत्या : उभीच बरी आहे. अजून काय विचारलंय त्यात?

भाची : घरात कुणाला कुठलं औषध लागू पडलं, ते. एकाला लिथियम मानवलं असेल तर जवळच्या नात्यात दुसऱ्यालाही मानवण्याची शक्यता जास्त. म्हणजे… आत्या, बाबांना…

आत्या : हो. पंखे वाटले त्याच दिवशी मी ओळखलं होतं. डबी पिशवीत होती. सांगायला म्हणून तुमच्या दारापर्यंत दोनदा आले.

भाची : मग?

आत्या : वडिलांनी शपथ घातली होती, हे सांगायला सोपं आहे. खरं म्हणजे मला भीती वाटली. लोक म्हणतील, ही वेडी, आता भाऊही वेडा. कारखान्याला काम कोण देईल? म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. पुढचा आठवडा त्याला मिळाला नाही.

भाची : दारातून परत फिरलीस. दोनदा.

आत्या : हो. रागावलीस तरी चालेल. कागद मात्र नीट भर. आजार सव्विसाव्या वर्षी, औषध लागू पडलं, मधे एकदाच बिघडलं, गोळ्या मी आपल्या मनाने सोडल्या तेव्हा.

भाची : लिहिलं. उद्या अकराला जायचंय. येशील?

आत्या : येते. त्याआधी तुझ्या घरी येते, आज संध्याकाळी. वहिनी असेल ना?

भाची : आई असते घरीच. तिला सांगणार आहेस? आत्या, वीस वर्षं ती समजून चाललीये, की तिच्यामुळेच बाबा…

आत्या : माहीत आहे. मी समोर असताना लोक तिला बोलायचे.

भाची : ती काय म्हणेल, देव जाणे.

आत्या : म्हणू दे. इतकी वर्षं तिने ऐकून घेतलं. आज मी ऐकून घेईन.