एका दिवसात शर्ट

धाकट्याला नफ्यापेक्षा नाव हवं होतं: बाजारातला सर्वांत झटपट शिंपी. कपड्यांच्या कारखान्यात नोकरी मागायला आलेल्यांच्या बाकावर दोघे भाऊ माझ्या शेजारीच बसले होते, त्यामुळे सगळा हिशेब आपोआप कानांवर आला.

"दादा, ध्येय तर गाठलं ना आपण? एकही शर्ट दुसऱ्या दिवसावर गेला नाही."

"गाठलं की! गिऱ्हाईक संध्याकाळी शर्ट घेऊन जायचं आणि पहिल्या धुण्यानंतर तोच पोराला घालून दाखवायला आणायचं."

"थट्टा नको ना."

"बाबा आधी कापड भिजवायचे, वाळवायचे, मगच कात्री लावायचे. कोरं कापड पाण्यात आटतं, हे तुला ठाऊक होतं."

"होतं. पण भिजवत बसलो असतो तर एका दिवसात कसं जमलं असतं? दुकानावर तशी पाटी लावून बसलो होतो."

"पाटी उतरवता आली असती."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू पहिल्यांदाच माझ्याआधी दुकानात यायला लागला होतास रे. म्हटलं, याचा हुरूप कशाला मोडा."

"दुकान माझ्यामुळे गेलं, दादा."

"कात्री माझ्या हातात होती."

तेवढ्यात कारकून दारात आला. "शिंपी एकच हवाय. कोण येतंय?"

"हा येतोय. हात फार झटपट आहे त्याचा."

"दादा, तू जा."

"जा रे. इथे कापड आधीच धुऊन येतं."

धाकटा आत गेला. ध्येय त्याचं होतं, चूक दोघांची होती, नोकरी त्याला लागली. दादाच्या वाट्याला बाक आला.