घटक : उत्तम

सुभाषचंद : ...म्हणून डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं, द्रौपदाअक्का. एका नवरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. म्हणाले, शेठ, हे उटणं तुमच्या दुकानातलं, यात काय काय आहे ते सांगा. मी पाकीट उलटं करून दाखवलं. मागे तुम्ही छापलेलं, ‘घटक : उत्तम’.

द्रौपदाबाई : मग खोटं काय शे त्यात?

सुभाषचंद : डॉक्टर हसले हो. जळगावात इतकी वर्षं दुकान चालवतोय, माझ्या मालावर असं कोणी हसलं नव्हतं.

कुमुद : शेठ, ती मुलगी बरी आहे ना आता?

सुभाषचंद : बरी आहे. लग्नही झालं. हात झाकायला लांब बाह्यांचं पोलकं शिवलं, तर आता तिच्या साऱ्या मैत्रिणींना तसंच पाहिजे. पण मी ठरवून आलोय, अक्का. दिवाळीचा माल तुमच्याकडूनच घेईन, फक्त पाकिटावर वस्तूंची नावं हवीत. नसतील तर धुळ्याहून मी रिकाम्या हातानं परत जाणार.

द्रौपदाबाई : नावं छापली की समोरचा तोताराम तेच उटणं विकायला बसेल. अहो, मी सामानसुद्धा एका दुकानातून घेत नही. थोडं छगनकडून, थोडं रुपचंदकडून, थोडं दोंडाईच्याहून. कोणाले अंदाज येऊ नये म्हणून मधे मधे डिंक आणि खारीक घालते.

कुमुद : उटण्यात?

द्रौपदाबाई : यादीत. उटण्यात कशाला घालू?

कुमुद : तरीच छगनकाका मला विचारत होते, तुमच्या घरी बारा महिने बाळंतीण कोण असते?

सुभाषचंद : मग कुमुदताई, तुम्हीच लिहून द्या नावं. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालात, तुम्हाला काय अवघड?

कुमुद : मला माहीत नाहीत, शेठ.

सुभाषचंद : याच घरात राहून?

कुमुद : आमच्यात ही कृती सासू सुनेला सांगते. लेकीला सांगत नाहीत, ती दुसऱ्याच्या घरी घेऊन जाईल म्हणून. मिसळायचा दिवस आला की मला शेजारी ताक आणायला पाठवतात. शाळेत होते तेव्हाही आणि डिग्री मिळाल्यावरही.

द्रौपदाबाई : रीत शे ती. तुळशीचं लग्न झालं की तू दोंडाईच्याला सासरी जाणार. तुझ्या वनादादाची बायको या घरात येईल. तिले सांगेन, मग ती लिहील.

कुमुद : दादाला नरडाण्याच्या स्टेशनातून सुट्टी मिळत नाही, बायको कधी मिळायची? दिवाळी तोंडावर आली, माय.

सुभाषचंद : म्हणजे लेबल छापलं, तर...

कुमुद : तर जळगावच्या कुठल्याही गिऱ्हाइकाला कळेल. मीही मग तुमच्या दुकानात येईन, एक पाकीट विकत घेईन आणि माझ्या घरी काय करतात ते वाचेन.

द्रौपदाबाई : शेठ, तुम्ही शेजारी पार्वताबाईकडे जा. ताक पिऊन या.

सुभाषचंद : मला नको ताक.

द्रौपदाबाई : चांगलं असतं तिचं. मोठा पेला मागा.

(सुभाषचंद चपला घालून बाहेर पडतात.)

द्रौपदाबाई : परक्या माणसासमोर माले असं बोलतात का?

कुमुद : खोटं बोलले का? बरं, तू काही सांगूच नकोस. मी नावं घेते, तू नुसती मान हलव. आंबेहळद.

द्रौपदाबाई : ती तर नाक असलेल्या कोणालेबी कळेल.

कुमुद : वाळा. नागरमोथा. कचोरा.

द्रौपदाबाई : तुले कोणी सांगितलं?

कुमुद : कोणी नाही. तू चाळून झाल्यावर जो चोथा फेकतेस, तो मी कॉलेजात नेऊन भिंगाखाली पाहिला. मुळांचे तंतू लगेच ओळखू आले, बाकीचं वासावरून. फक्त काळ्या टरफलाचे तुकडे होते, त्यांची खात्री झाली नाही. बावचीच्या बिया घालतेस का?

द्रौपदाबाई : हळू बोल. तोतारामचं दुकान उघडं शे.

कुमुद : माय, मग तिचे हात बावचीनंच लाल झाले असणार. बावची कातडीला लागली आणि वर ऊन पडलं, तर भाजल्यासारखं होतं. पुस्तकात दिलंय. ती मुलगी उटणं लावून उन्हात बसली असेल का?

द्रौपदाबाई : हळदीची नवरी. तिले अंगणातच बसवणार ना.

कुमुद : काय झालं? काय आठवलं तुला?

द्रौपदाबाई : मनी सासू, तुझी आजी, सांगायची. उटणं लावलं त्या दिवशी उन्हात बसायचं नही.

कुमुद : हे तू कधी कोणाला सांगितलं नाहीस.

द्रौपदाबाई : माले वाटायचं, सून उन्हाला गप्पा मारत बसते म्हणून टोमणा मारते. स्वभावच तसा होता तिचा. मी हसण्यावारी नेलं.

कुमुद : आजीनं तुला एकटीला सांगितलं. तू एवढं गाळलंस. उद्या वहिनीला तू उरलेलं सांगशील, ती आणखी काही गाळेल.

द्रौपदाबाई : सारं बठ्ठं जपलं आणि तेवढंच सांडलं.

कुमुद : तुला कुठे ठाऊक होतं?

द्रौपदाबाई : सासूले होतं ना. कागद घे. बावची नको लिहू, ती मी आजपासून घालणार नही. वास काही तिचा नसतो. बाकीचं बठ्ठं लिही.

कुमुद : सगळं?

द्रौपदाबाई : लिही, मन बदलायच्या आत.

सुभाषचंद : येऊ का आत? अक्का, पार्वताबाई म्हणाल्या, कुमुदऐवजी आज तुम्ही आलात, मिसळायचा दिवस आहे वाटतं. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे तुमचं ताक.

कुमुद : हे घ्या, शेठ. छापखान्यात द्या.

सुभाषचंद : वा, संत्र्याची सालसुद्धा? आणि प्रमाण कुठे आहे?

कुमुद : डॉक्टरांना नावं लागतात. कशामुळे त्रास झाला ते त्यावरून कळतं. प्रमाण छापायची गरज नाही.

सुभाषचंद : पण तोताराम नावं वाचणार.

द्रौपदाबाई : वाचू द्या. किती काय घालायचं त्याचा विचार करत बसू द्या. तेवढाच गिऱ्हाइकांशी कमी भांडेल. जा तुम्ही, छापखाना बंद होईल.

कुमुद : गेले. बरं झालं, माय. दिवाळी पार पडली आता.

द्रौपदाबाई : दार लोटून घे आणि इकडे बस. डबे काढ खाली.

कुमुद : आता कशाला? लेबलाचं काम झालं की.

द्रौपदाबाई : लेबलाले प्रमाण नको. तुलेबी नको का?

कुमुद : माय, मी दोंडाईच्याला जाणार आहे.

द्रौपदाबाई : तिथले लोक अंघोळ करत नहीत का?

कुमुद : आणि वहिनी आली की?

द्रौपदाबाई : तिलेबी सांगेन. एक विसरली तर दुसरी सांगेल. हात पुढे कर. ही आंबेहळद. मूठ नीट मिट.

कुमुद : तुझ्या मुठीएवढी होत नाही माझी.

द्रौपदाबाई : मना हात मोठा शे. तू मूठ भरली की वर चिमूटभर जास्त घेजो.