भर दुपारचा कंदील

सिनेमातल्या रात्रीवर एवढं बोलताय म्हणून सांगते. डहाणूच्या किनाऱ्यावर एका कृष्णधवल सिनेमाचं शूटिंग आलं होतं, तेव्हा रात्री नवऱ्याची वाट पाहणारी कोळीण म्हणून त्यांनी आमच्या मंजूकाकूला उभं केलं. तेही भर दुपारी, हातात पेटता कंदील देऊन.

काका तेवढ्यात मासे घेऊन परतत होते. होडीतूनच ओरडले, "अगं, भर उन्हात कंदील घेऊन कोणाला शोधतेस?" सगळा किनारा हसला. काकूलाही हसू आवरेना.

मदतनीस कॅमेरामनला म्हणाला, "साहेब, मागे होडी आलीय."

"येऊ दे. कॅमेऱ्याला ही लाल काच लावली की आभाळ, समुद्र सगळं काळं होतं. बाईचा चेहरा आणि कंदील, एवढंच दिसेल." चेहऱ्यावर त्यांनी चंदेरी फळ्यांनी ऊन पाडलं होतं.

त्याच मोसमात काकांची होडी गेली ती परत आलीच नाही. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता.

पुढच्या वर्षी गावात तंबूत तो सिनेमा लागला. पडद्यावर काळीकुट्ट रात्र आणि तिच्यात काकूचा उजळलेला चेहरा. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू मात्र स्वतःकडे बघतच नव्हती. खेळ संपल्यावर ती सरळ मशीनवाल्याकडे गेली.

"दादा, माझं तेवढं परत लाव," ती म्हणाली, "आणि या खेपेला उजेड जरा वाढव. माझ्या मागे होडी आहे."