सावळगडाचा बुजलेला दरवाजा

मंडळी, एक विचारतो, देवासमोर बसलाय तेव्हा खरं सांगा. दार कशासाठी असतं? बंद करायला, की उघडायला? हे पुढचे काका म्हणतात, बंद करायला. अहो काका, नुसतं बंदच ठेवायचं, तर भिंत काय वाईट होती?

सावळगडावर कुणी गेलंय? तट ढासळलाय, वाडे गेलेत, कोठारात निवडुंग माजलाय. महादरवाजा मात्र उभा! आणि गंमत अशी, की त्यातून आत जाता येत नाही. दोन बुरुजांमधली वाट पार कमानीपर्यंत दगडांनी चिणलेली. आता दरवाजा बांधून कुणी बुजवतं का? इथं बुजवला. का? ऐका.

गडाचा दरवाजा राखायचा म्हाळोजी नाईक. वीस वर्षं त्या दारालगतच्या पहाऱ्याच्या देवडीत काढलेली. हुकमाबाहेर कडी हलली नाही कधी. एके सकाळी खबर आली — शत्रू तोफा घेऊन निघालाय, दुपारपर्यंत पायथ्याला येतो. किल्लेदार हैबतराव म्हणाले, "म्हाळोजी, दरवाजा लावा. दाणा तीन महिन्यांचा, तोही आपल्याच माणसांपुरता. आता कुणी आलं तरी उघडायचा नाही. उघडलात, तर कडेलोट."

दरवाजा लागला. घटकाभरानं बाहेरून थाप पडली. खाली तळं खणायला आलेले वडार होते. परमुलखातले लोक. बायका, म्हातारी, कडेवर लेकरं. पुढं तिम्माबाई, हातात पहार.

"नाईक, घोडी दिसायला लागली," ती म्हणाली. "आम्ही कुठं जायचं?"

"हुकूम नाही, बाई."

ती रडली नाही, भांडली नाही. "बरं," म्हणाली, आणि लेकरांना दरवाजाच्या सावलीत बसवलंन.

म्हाळोजीला वाटलं होतं, ती शिव्या देईल. शिव्या सोसता आल्या असत्या. ते 'बरं' काही सोसेना! फटीतून त्यानं पाहिलं — एक लेकरू दाराला टेकून झोपलं होतं. मोठ्या दाराच्या पोटात छोटं दार असतं ना, दिंडी? म्हाळोजीनं दिंडी उघडली. साठ माणसं वाकून आत आली. मग कडी घालून तो स्वतः किल्लेदारापुढं जाऊन उभा राहिला.

"मी उघडला, सरकार."

हैबतराव म्हणाले, "वेढा उठू दे. मग तुमचं बघतो."

तिसऱ्या दिवशी तोफेनं दार फुटलं. सागवानी फळ्या, लोखंडी खिळे, सगळं उडालं. गडावरचे शिपाई मागं सरले. तेव्हा तिम्माबाई पुढं आली. "लाकडाचं गेलं ना? आम्ही दगडाचं करतो." वडारांनी किल्लेदाराच्या वाड्याचा चौथरा उखडला, अन् सूर्य मावळायच्या आत ती वाट चिणली. पुढं अठरा दिवस गोळे बसले. टवके उडाले, पण दगड सरकला नाही. शत्रूच्या घोड्यांचा चारा संपला, आणि तो निघून गेला.

आता म्हाळोजीचं काय? हैबतराव म्हणाले, "हुकूम मोडला, त्याची सजा द्यायलाच हवी. नाईक, तुमची चाकरी गेली. तसंही राखायला दरवाजा उरलाय कुठं?" म्हाळोजी हसला. तटावरून दोर सोडून खाली उतरला, आणि वडारांबरोबर तळं खणायला लागला. पंधरा दिवस पहार धरता येईना, हाताला फोड आले. पण तळं झालं.

मंडळी, तुम्ही म्हणाल, वडार कामाला आले, म्हणून त्याचं बरोबर ठरलं. थांबा. दिंडी उघडताना त्याला हे ठाऊक होतं का? ठाऊक असतं, तर तो व्यवहार झाला असता. त्याच्यासमोर फक्त झोपलेलं लेकरू होतं, आणि डोक्यावर कडेलोट.

आपल्या डोक्यावर कसला कडेलोट आहे हो? कोणी आलं, की आपण आतूनच ओरडतो — "काय काम आहे?" उद्या आधी कडी काढा. काम मग विचारा. आणि आता हात जोडा, नाव घ्या त्याचं, ज्याच्या दारात आपण सगळे न विचारता येऊन बसलोय.