तोंडावरून कळंना का?

आता तुमीच सांगा, माणसाच्या कपाळावर कुठं लिहिलेलं असतंय का, "मी रागात हाय" म्हणून? न्हाई ना? मग! पण आमच्या मंडळीचं, चंद्रभागाबाईचं, सकाळ झाली की सुरू... "अहो, तोंडावरून कळंना का?" न्हाई कळत! पोळ्याच्या आधी मला लकवा मारला. हात आला, पाय आला, जीभ तर लई लवकर आली, पण बीडचा डॉक्टर म्हणला, "गहिनीनाथराव, समोरच्याचा राग-लोभ ओळखायची मेंदूतली जागा दुखावलीय." म्हणलं, दुखावू द्या! मी बैलांचा दलाल, बैलाचं मला आजबी कळतंय. बैल कान पाडतो, फुरफुरतो, शेपूट आपटतो... माणसाचं काय हलतंय? भुवया! त्याबी जरा-जरा!

तुमाला सांगतो, आमच्या गल्लीतल्या सिदूचा बाप वारला, तिथं गेलतो. सिदूचं तोंड वासलेलं, डोळ्याला पाणी, खांदे गदागदा हलायलेत. मी दिली पाठीवर थाप, "आरं, आमालाबी सांग की, काय गंमत झाली?" मयतीत, बरं का! मंडळीनं दंडाला धरून बाहेर काढलं... "तोंडावरून कळंना का?"

पण खरी परीक्षा परवा झाली. आमच्या योगिताला बघायला शिरूरचे पावणे आले. पोरगा नोकरीवाला, पोहे झाले, पावणीन म्हणती, "अगंबाई, कशी लाजली बघा!" आमचा मेव्हणा म्हाळू तर घाईवरच आलेला, "दाजी, पोरगी खूश हाय, फोडा सुपारी!" मी लेकीकडं बघतो... मान खाली, ओठ दाबलेले. आता हे लाजणं हाय का रडू दाबणं? सगळ्यांना कळतंय, बापालाच कळंना! माझ्या एका 'हो'वर तिचा जन्म जायचा, अन् मी अंदाजानं 'हो' म्हणू? छट्! भर बैठकीत इचारलं, "योगे, मला तोंडावरून कळत न्हाई. तू खूश हायस का रडायलीस?"

म्हाळू मला कोपरानं ढोसायला, "दाजी, असं इचारतेत का कुठं?" मी म्हणलं, "गप बे! डोकं माझं बिघडलंय, तुझं न्हाई, तर तू सांग की!" तवर पोरीनं मान वर केली. "आण्णा, मला न्हाई करायचं हे लगीन. नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय, ते पुरं करायचंय."

ऐकलं? एवढे धडधाकट डोक्याचे लोक बसलेले, अन् एकालाबी दिसलं न्हाई! मी पावण्यांपुढं हात जोडले, म्हणलं, सुपारी राहू द्या, चहा घ्या.

पावणे गेले. मी छाती काढून वळलो, तर दारात चंद्रभागाबाई. पदर तोंडाला, दात दिसायलेत अन् डोळ्यातून धारा! आता आपल्याला कुणाची भीती? सरळ इचारलं, "काय गं, खूश हायस का चिडलीस?"

"अहो, तोंडावरून कळंना का?"

...गेलो मुकाट्यानं गोठ्यात. तिथं निदान शेपूट तरी हलतंय.