सगळी गल्ली मॅट्रिक पास

ती वही जरा बाजूला ठेवा आदी. वही बघितली की माझं डोकं फिरतं, का फिरतं ते सांगतोच, पण पेन उघडायच्या आदी च्या प्या. तुमी विद्यापीठाचे न्हाय म्हणता, मासिकात छापायचंय म्हणता, बरं, मानलं. तितल्या माणसाला मी आता उंबऱ्याच्या आत घेत न्हाय.

माझं नाव मल्लिनाथ, गाव अक्कलकोटच्या पलीकडं, बाप मराठीत शिव्या द्यायचा आणि अव्वा कानडीत, त्यामुळं दोन्ही भाषा मला चांगल्या येत्यात. शाळेत गेलो चौथीपर्यंत. चौथीत मास्तरांनी विचारलं, कोण कोण पाढे पाठ करून आलंय, मी हात वर केला, त्यांनी फळ्यापाशी बोलवलं, आणि माझं शिक्षण तितंच संपलं. माझं आसंच हाय बगा, हात आदी वर जातो आणि डोकं मागनं येतं. पुढं बाप वारला, अव्वाला आणि धाकट्या बहिणीला, कस्तुराला, घेऊन सोलापूरला आलो आणि यंत्रमागावर लागलो. टॉवेल विणायचे, कधी चादर. कस्तुरा गावात सातवी पास झालेली, लई हुशार, पण हितं आल्यावर तिला कांड्या भरायला बसवली, म्हणजे मागाच्या धोट्यात सुताची कांडी लागती की, ती चाकावर बसून भरायची, दिवसभर. भरता भरता समोर कागद धरून वाचायची. भेळेचा पुडा आणला तर भेळ मला, कागद तिला.

आमच्या मालकाचे माग सहा आणि परवाना चारचा. दोन मागल्या खोलीत, दाराला तरट लावून. मालकानं आमाला पढवून ठेवलेलं, कुणी वही घेऊन आला तर माग चार, काम आट तास, सगळे खुशीत. उभे असायचो बारा तास, पण ते जाऊ द्या. एकदा माग मोजायला आलेला साहेब टॉवेलचा गिऱ्हाईक बनून आला होता, मागल्या खोलीपर्यंत गेला, मालकाला लई भोगावं लागलं. त्यानंतर एका दुपारी एक सर आणि एक कॉलेजची पोरगी, हातात छापील कागदांचा गठ्ठा, गल्लीत आले. म्हणाले, विद्यापीठातनं आलोय, तुमच्या वस्तीची माहिती पाहिजे. मी मनात म्हटलं, वा, ह्या खेपेचं सोंग झकास हाय.

सर कट्ट्यावर रुमाल हातरून बसले आणि पोरगी घरोघर लिहायला लागली. मी मागल्या बोळातनं पळालो आणि प्रत्येक दारात सांगितलं, सगळ्यांनी मॅट्रिक पास म्हणायचं, शिकलेल्या माणसाला साहेब जास्त उकरत न्हाय. माझं गणित, काय सांगू तुम्हाला! आमच्यातला इराप्पा काका, पगाराला अंगठा लावणारा, तो तर म्हणाला मी कॉलेजात होतो. कुठल्या कॉलेजात? तर म्हणाला, ते स्टेशनाकडलं. मी सांगितलं, मी रोज इंग्रजी पेपर वाचतो. पोरीनं विचारलं, त्यात काय आवडतं? मी म्हटलं, हवामान. तिनं तेबी लिहून घेतलं, हसली सुदिक न्हाय.

मग ती कस्तुरापाशी गेली. ताई, संध्याकाळचा वर्ग निघाला, फुकट, मॅट्रिकची तयारी करून घेतली, पुस्तकं दिली, तर येशील का? कस्तुराचं चाक थांबलं. तिनं तोंड उघडलं. आणि मी मधीच, तिला कशाला वर्ग, ती मॅट्रिक होऊन बसलीय घरात, लिहा तुमी. पोरीनं कस्तुराकडं बघितलं, कस्तुरानं माझ्याकडं, मी डोळे वटारले. कस्तुरा म्हणाली, व्हय, झालीय.

ते गेल्यावर गल्लीनं मला भजी खाऊ घातली, साहेबाला काय बनवलंस मल्लू म्हणून. कस्तुरानं भज्याला हात लावला न्हाय. म्हणाली, अण्णा, ते मागाचे लोक न्हवते. त्या पोरीनं मागाचं एक अक्षर विचारलं न्हाय. माझ्या तोंडात भजं तसंच राहिलं. खरंच की, माग किती, हे कुणी विचारलंच न्हवतं, आणि चार हाय, चार हाय म्हणून मीच कोकलत होतो.

वर्ग निघाला. आमच्या गल्लीत न्हाय, रस्त्यापलीकडं, कारकून आणि मास्तर लोकांच्या कॉलनीत, वर पंखा, कपाटात पुस्तकं. आमच्या गल्लीला गरज न्हाय असं ठरलं. डोळ्यानं बघितलं असतं तरी कळलं असतं हो! पण सर कट्ट्यावरनं उठलेच न्हवते.

मी कस्तुराला घेऊन त्यांच्या हापिसात गेलो, कॉलेजच्या माडीवर एक खोली. सर तेच. मी म्हटलं, आमी खोटं बोललो, जोड्यानं मारा, पण पोरीला वर्गात घ्या. सरांनी गठ्ठ्यातनं तिचा कागद काढला, बोट ठेवलं. इथं मॅट्रिक लिहिलंय, मॅट्रिक झालेल्याला मॅट्रिकच्या वर्गात कसं घेणार? कस्तुरा म्हणाली, मी झालेली न्हाय, हा बघा सातवीचा दाखला. सर म्हणाले, ह्यावरून तुम्ही सातवी झालात एवढंच कळतं, पुढं झाला नाहीत हे कुठं कळतं? मी म्हटलं, जी परीक्षा दिलीच न्हाय तिचा दाखला कोण देणार? तर म्हणाले, तो तुमचा प्रश्न, आणि अहवाल छापायला गेलाय, एक कागद बदलला तर सगळे आकडे हलतील. म्हणजे आकडे जागेवर बसावेत म्हणून माझी बहीण उभी राहिली. इतकं शिकलेला माणूस, समोर जिती पोरगी बोलतीय ती खोटी आणि माझ्या थापा खऱ्या!

त्या अहवालाचं पुस्तक निघालं, त्यावर सर डॉक्टर झाले. सत्कार ठेवला, शाल, नारळ, आणि सुशिक्षित कामगार म्हणून दोन शब्द बोलायला मला बोलवलं. मी आठवडाभर मागावर उभ्या उभ्या भाषण घोकलं, म्हटलं, सगळ्यांदेखत वाभाडे काढतो आणि कस्तुराला वर्गात बसवूनच येतो. तिला मागच्या रांगेत बसवली. उभा राहिलो, म्हटलं, ह्या पुस्तकातली आमची गल्ली खोटी हाय, मी चौथी नापास, इराप्पा काका अंगठा लावतो, आणि इंग्रजी पेपरात मी चपला गुंडाळतो. तर सभा हसली. मी म्हटलं, आईशप्पथ खरं सांगतोय, तर आणखी हसली. सर डोळे पुसत शेजारच्याला म्हणाले, बघा, शिकलेला कामगार किती मिश्कील असतो.

आणि माझं काय झालं, टाळी पडली की माझ्यातला बेशरम जागा होतो. मी हवामानाचा किस्सा सांगितला. इराप्पा काकाची नक्कल केली. लोक बाकावर हात आपटायला लागले, मला वाटलं, आपण बी कोणतरी हाय. नारळ घेऊन खाली उतरलो. घरी येताना कस्तुरा एवढंच म्हणाली, अण्णा, माझं नाव घेतलं न्हाईस.

तो नारळ अव्वानं फोडला, मी खाल्ला न्हाय.

आता कस्तुरा बाहेरनं परीक्षेला बसती. कांड्या भरून झाल्या की वाचती, उसन्या पुस्तकावर. बाकीचं सगळं सुटलं, इंग्रजी तेवढं दोनदा राहिलं. त्या कॉलनीत इंग्रजी शिकवायला मास्तर हाय, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत्यात म्हणे, आणि पंखा फिरतोय. सायकलवरनं जाताना मी तिकडं थुंकतो. दारावर विद्यापीठाचं नाव रंगवलंय, मोठ्या अक्षरात, ते मला बी वाचता येतं.

तर उघडा आता ती वही. पण आतापर्यंत सांगितलं ते छापू नका लगेच, त्यात मीठमसाला कुटं कुटं पडलाय ते मलाच ठाऊक न्हाय, तिला ठाऊक हाय. ते आतलं चाक वाजतंय की, तीच ती. कस्तुरा, ए कस्तुरा, चाक थांबव, बाहेर ये, ह्यांना काय विचारायचंय ते तुला विचारू दे.

न्हाय, मी बसत न्हाय. कट्ट्यावर जातो, दार लावून घ्या. हितं असलो तर मधीच बोलीन.